शनिवारचा वरण-भात

काल शनिवार होता. हे मुद्दाम सांगायचं कारण म्हणजे काल शनिवार आहे ही गोष्ट मला, आमच्या टीममधल्या इतर चौघांना आणि कँटीनवाल्याला माहीत होती, फक्त आमच्या क्लाएंटला माहीत नव्हती. किंवा त्याला ती बरोब्बर माहीत होती आणि म्हणूनच त्याने शनिवार निवडला होता. आमच्या धंद्यात असंच असतं. लोकांची कामं सोमवार ते शुक्रवार चालू असतात, तेव्हा सिस्टिम बंद ठेवता येत नाही. मग नवीन व्हर्जन टाकायचं ते शनिवार-रविवारी. जग सुट्टीवर गेलं की आम्ही त्याच्या घराची झाडलोट करायची.

रिलीज सकाळी ९ ला सुरू होऊन १२ ला संपणार होतं. म्हणजे तसं एक्सेल शीटमध्ये लिहिलं होतं. एक्सेल शीटमध्ये सगळंच वेळेवर संपतं. प्रत्यक्षात पावणेबाराला डेटाबेसची एक स्क्रिप्ट मधेच आडवी झाली. हीच स्क्रिप्ट टेस्टिंगच्या सर्व्हरवर चार वेळा बिनबोभाट चालली होती. मग काय, सगळं होतं तसं परत आणा, कारण शोधा, दुरुस्त करा, पुन्हा चालवा. (कारण काय निघालं? लाखो ओळींच्या टेबलमध्ये दोन ओळी अशा होत्या जिथे तारीखच भरलेली नव्हती. फक्त दोन!) दुपारी कोणीतरी पिझ्झा मागवला, तो सगळ्यांनी स्क्रीनकडे बघत खाल्ला. संध्याकाळी साडेपाचला एकदाचं सगळं हिरवं दिसलं. मॅनेजरने फोनवरून सगळ्यांचे आभार मानले आणि म्हणाला, "एव्हरीबडी टेक अ कॉम्प-ऑफ."

जे आमच्या धंद्यात नाहीत त्यांच्यासाठी: सुट्टीच्या दिवशी काम केलं की त्या बदल्यात नंतर एक दिवस सुट्टी मिळते, तिला कॉम्प-ऑफ म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

मी राहतो बुधवार पेठेत. ऑफिसात नवीन कोणाला हा पत्ता सांगितला की समोरचा माणूस आधी जरा खाकरतो, मग "अच्छा अच्छा" म्हणतो आणि विषय बदलतो. मला आता याची सवय झाली आहे. आमच्या पेठेत दगडूशेठचा गणपती आहे, तुळशीबाग आहे, तांबडी जोगेश्वरी आहे, अप्पा बळवंत चौकातली पुस्तकांची दुकानं आहेत, तपकीर गल्लीतल्या वायरी आणि दिवे आहेत, आणि लोक ज्यासाठी खाकरतात ती गल्लीही आहे. तिथेही रोज संध्याकाळी कुकरच्या शिट्ट्या होतात. असो.

तर खराडीहून रिक्षाने रामवाडी, तिथून मेट्रो, जिल्हा न्यायालयाला गाडी बदलायची, खोल खोल खाली उतरायचं आणि नदीच्या खालून थेट मंडई. सप्टेंबर २०२४ मध्ये हा भुयारी टप्पा सुरू झाल्यापासून आमच्यासारख्या पेठकरांची चंगळ झाली आहे. आमच्या पेठेच्या नावाचं स्टेशनही होणार होतं, पण ते शेवटी 'कसबा पेठ' झालं. खाकरणारे लोक सगळीकडेच असतात बहुधा.

मेट्रोत बसायला जागा मिळाली. सवयीने मोबाइल काढला आणि जेवण मागवायचं ॲप उघडलं. कार्टमध्ये आधीच एक पदार्थ पडून होता. 'होमस्टाइल वरण-भात काँबो'. गुरुवारचा.

आता गुरुवारची गोष्ट सांगायला हवी.

तीन आठवड्यांपूर्वी आईचं उजवं मनगट मोडलं. आमच्या जिन्यात. पायऱ्या संपल्या असं समजून तिने पाय टाकला आणि एक पायरी शिल्लक होती. आमच्या भाषेत याला ऑफ-बाय-वन एरर म्हणतात. हे मी तिला हॉस्पिटलमध्ये सांगितलं नाही. सहा आठवडे प्लास्टर. डॉक्टर म्हणाले, "हाताला पूर्ण आराम", तेव्हा आम्ही तिघांनीही माना डोलावल्या. पण त्या वाक्याचा अर्थ डोक्यात शिरला तो घरी आल्यावर, संध्याकाळी साडेसातला, स्वयंपाकघरात दिवा लावल्यावर.

आमच्या घरात दोन धडधाकट पुरुष आहेत. एक बाबा. वय ६४, बँकेतून निवृत्त. चहा उत्तम करतात. दुसरा मी. वय २८, बी.ई. कॉम्प्युटर. मॅगी आणि ऑम्लेट. पहिला आठवडा शेजारच्या काकूंनी निभावून नेला. रोज दोन्ही वेळचा डबा. मग आईच म्हणाली, "पुरे आता. त्यांच्याही घरी माणसं आहेत." त्यानंतर पोळ्या कोपऱ्यावरच्या पोळी-भाजी केंद्रातून आणि बाकीचं सगळं ॲपवरून. मी आपला खूश होतो. कसं झटपट सोडवलं सगळं! बाबांच्या मोबाइलवरही ॲप टाकून दिलं, पैसे माझ्या कार्डवरून जातील अशी सोय केली. प्रॉब्लेम क्लोज्ड.

गुरुवारी रात्री अमेरिकेचा कॉल संपवून साडेअकराला पाणी प्यायला उठलो. स्वयंपाकघरात दिवा नव्हता. आई ओट्यापाशी उभी होती आणि डाव्या हाताने वाटीतले दूध-पोहे खात होती. उभ्याउभ्याच.

"जेवली नाहीस का गं?"

"जेवले की. ते पनीर दोन घास खाल्लं. पोटात आग पडते रे त्याने."

"मग सांगायचं ना! दुसरं काहीतरी मागवलं असतं."

"मागवलेलं नको आता. साधा वरण-भात मिळाला कधी तर बघ."

आणि इथे मी, बी.ई. कॉम्प्युटर, काय केलं असेल? मोबाइल काढला आणि तिला दाखवलं. "अगं, वरण-भातपण मिळतो! हे बघ. चार पूर्णांक दोन रेटिंग आहे." आईने त्या फोटोकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "झोप जा. उशीर झालाय." वाटी डाव्या हाताने विसळून तिने पालथी घातली. एका हाताने वाटी विसळायला किती वेळ लागतो ते मी तिथेच उभा राहून बघितलं. पुढे जाऊन वाटी हातातून घ्यावी हे मात्र सुचलं नाही. ते सुचलं शुक्रवारी, मीटिंगमध्ये.

तर मेट्रोत तो काँबो अजून कार्टमध्ये होता. मी तो काढून टाकला आणि ॲप बंद केलं.

मंडई स्टेशनातून वर आलं की ती अष्टकोनी मनोऱ्याची दगडी इमारत समोर दिसते. १८८६ ची. मूळ नाव रे मार्केट, मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने. आताचं नाव महात्मा फुले मंडई. गंमत म्हणजे नगरपालिकेचे सदस्य असताना जोतिराव फुल्यांनी मंडईवर एवढा खर्च करायला विरोध केला होता. तो पैसा शिक्षणावर खर्च करा, असं त्यांचं म्हणणं होतं. आणि शेवटी नाव लागलं ते त्यांचंच!

मंडईत मी लहानपणी आईचं बोट धरून शेकडो वेळा आलोय. पण भाजी विकत घ्यायला एकटा म्हणून पहिल्यांदाच. एका आजींपुढे मेथीच्या जुड्या रचलेल्या होत्या. मी म्हटलं, "दोन द्या."

आजींनी माझ्या पाठीवरच्या लॅपटॉपच्या सॅककडे पाहिलं, गळ्यातल्या ऑफिसच्या आयकार्डाकडे पाहिलं. "निवडणार कोण?"

"मीच."

"मग एकच ने."

(हा सल्ला किती मोलाचा होता ते पुढे कळेल.) एक जुडी मेथी, दोन काकड्या, लसूण, मिरच्या, लिंबं. निघालो. शनिवार संध्याकाळ, त्यामुळे दगडूशेठसमोर मुंगीला शिरायला जागा नव्हती. देवळाच्या समोरच भिडे वाड्याची जागा आहे. १८४८ मध्ये जोतिराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा सुरू केली ती या वाड्यात. वाडा पार मोडकळीला आला होता. डिसेंबर २०२३ मध्ये तो राष्ट्रीय स्मारकासाठी पाडला. मी रोज तिथूनच जातो, काही वाटत नाही. पण काल हातात मेथीची पिशवी होती म्हणून असेल, वाटलं, पावणेदोनशे वर्षांपूर्वी आमच्या पेठेत मुलींना लिहा-वाचायला शिकवायची सोय झाली, मुली शिकल्या, नोकऱ्या करायला लागल्या. मुलग्यांना कुकर लावायला शिकवणारी शाळा मात्र कोणी काढली नाही. काढली असती तर त्यात बाबांचं आणि माझं नाव नक्की घातलं असतं.

घरी आलो, सॅक टाकली आणि जाहीर केलं, "आज स्वयंपाक मी करणार."

बाबांनी टीव्हीचा आवाज बारीक केला. आई म्हणाली, "अरे दमून आलायस. राहू दे."

"तू फक्त स्टुलावर बस आणि सांग. हात लावायचा नाही."

ती बसली. आणि सुरू झालं.

"डाळ किती घेऊ?"

"घे की वाटीभर."

"कुठली वाटी?"

"आपली नेहमीची."

आमच्या फडताळात सतरा वाट्या आहेत. चार आकारांच्या. मी मोजल्या.

"पाणी किती?"

"डाळीच्या वर दोन पेरं."

"माझ्या बोटाची की तुझ्या?"

यावर आई हसली. तीन आठवड्यांत पहिल्यांदा. मग म्हणाली, "बोटं बघून नाही रे घालत. डाळीकडे बघून घालायचं." आमच्याकडे एखादा जुना माणूस नोकरी सोडतो तेव्हा कळतं की अख्खी सिस्टिम त्याच्या डोक्यात होती आणि कागदावर एक ओळ नाही. मग आम्ही त्याला शेवटचे पंधरा दिवस नवीन पोरांसमोर बसवतो. त्याला नॉलेज ट्रान्सफर म्हणतात. काल आमच्या स्वयंपाकघरात तेच चाललं होतं. फरक इतकाच की इथला नवीन पोरगा २८ वर्षं त्याच सिस्टिमवर जेवत होता आणि त्याला एकही प्रश्न पडला नव्हता.

तांदूळ इंद्रायणी. हा मला फार आवडतो, आणि याची जन्मकथा मला माहीत होती. आंबेमोहोर आणि आयआर-८ यांच्या संकरातून वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात ही जात तयार झाली आणि १९८७ मध्ये शेतकऱ्यांच्या हातात आली. हे सगळं मी आईला तांदूळ धुता धुता सांगितलं. त्या नादात पाणी जास्त झालं.

कुकर लावला. हिंग-हळद घातलेली डाळ खाली, तांदूळ वर. झाकण लावताना मी तिला समजावून सांगितलं की कुकरमध्ये दाब वाढल्यामुळे पाणी १०० अंशांना उकळत नाही, साधारण १२० अंशांपर्यंत तापतं, म्हणून डाळ लवकर शिजते. "असेल," आई म्हणाली. "झाकणाला रिंग बसवलीस का?"

रिंग ओट्यावर होती.

आता मेथी. मित्रहो, तुम्ही कधी मेथी निवडली आहे का? पानं वेगळी, देठं वेगळे, पिवळं पान बाहेर, मधेच गवताची काडी बाहेर. वर्तमानपत्र पसरून खाली बसलो. दहा मिनिटं झाली तरी जुडी आहे तेवढीच. पंधरा मिनिटांनी बाबा उठून आले, बघत उभे राहिले, मग काही न बोलता समोर बसले. बाबांनी आयुष्यभर नोटा मोजल्या आहेत. त्यांनी मेथीची काडी उचलली आणि एकेक पान असं काही वेगळं करायला लागले की जणू फाटकी नोट बाजूला काढतायत. माझ्या माहितीत त्यांनी भाजी निवडण्याची ही पहिलीच वेळ. दोघं इंजिनियर-बँकर मिळून ३५ मिनिटं. त्या आजींनी दोन जुड्या दिल्या असत्या तर आम्ही अजून तिथेच बसलेलो असतो.

मग तीन पाण्यांनी धुणं. पहिल्या पाण्यात एवढी माती निघाली की कुंडी भरली असती.

पीठ पेरून मेथी करायची होती. आई सांगत गेली, मी करत गेलो. तेल तापू दे. एक मोहरी टाकून बघ. आता सगळी. तडतडू दे, घाबरू नकोस. हिंग. लसूण, मिरची. हळद शेवटी, नाहीतर जळते. आता भाजी टाक. कढई काठोकाठ भरली. मी भाजीचा तो ढीग बघितला आणि त्या हिशेबाने मीठ घातलं. आई "अरे, थांब" म्हणेपर्यंत घालून झालं होतं.

"पालेभाजीत मीठ शेवटी घालायचं. बसू दे आधी."

दोन मिनिटांत ती कढईभर भाजी मूठभर झाली. मीठ मात्र कढईभर भाजीचंच राहिलं. ३५ मिनिटांची मेहनत एका मुठीत, आणि तीही खारट! मी पळी ओट्यावर ठेवली. मग तोंडातून निघून गेलं, "शनिवारी दिवसभर ऑफिसात मरायचं आणि वर घरी येऊन हे! कठीण आहे राव."

आई म्हणाली, "मी करायचेच की."

टोमणा नव्हता. टोमणा मारायचा तर तिचा आवाज वेगळा लागतो, मला माहितीये. ती फक्त माहिती देत होती. लगेच पुढे म्हणाली, "डाळीचं पीठ अजून दोन चमचे पेर. मीठ ओढून घेईल. चिमूटभर साखर घाल."

मी पीठ पेरलं, पण माझं लक्ष उडालं होतं.

आई प्राथमिक शाळेत शिकवायची. २२ वर्षं. तीन वर्षांपूर्वी गुडघ्यांमुळे सोडलं. शनिवारी सकाळची शाळा, सात ते साडेअकरा. म्हणजे ती पाचला उठायची, बाबांचा डबा, माझं दूध, मग बस. माझीही शाळा शनिवारी सकाळचीच. मी घरी येऊन कॉटवर पडलेला असायचो, आणि बाराच्या सुमाराला ती यायची. खांद्यावर पर्स, हातात मंडईची पिशवी, बोटांना खडू. पर्स खुंटीला लावली की थेट ओट्यापाशी. साडी बदलायलाही आत जायची नाही. पाऊण वाजता माझ्यासमोर गरम वरण-भात, तूप, लिंबाची फोड. दर शनिवारी. इतकं ठरलेलं की मी वैतागायचो. "परत वरण-भातच?" चौथी-पाचवीत असताना एकदा मी ताट सरकवलं होतं. ती काही बोलली नाही. उठली, बटाट्याच्या काचऱ्या केल्या आणि ताटात वाढल्या. त्या मी खाल्ल्या आणि खेळायला गेलो. ती किती वाजता जेवली? मला आठवत नाही, असं लिहिणार होतो. पण खरं सांगायचं तर मी बघितलंच नाही.

वर्षाला ४० शनिवार धरले तर २२ वर्षांचे ८८० होतात. ८८० वेळा शनिवारी काम करून घरी येऊन स्वयंपाक. मी एका शनिवारी केला तर मला कॉम्प-ऑफ मिळाला, आणि तरीही मी कुरकुर करत होतो. घरात कोणी तिला कधी "एव्हरीबडी टेक अ कॉम्प-ऑफ" म्हणालं नाही. मी नाही, बाबांनी नाही, आजीने तर नाहीच नाही.

हे फक्त आमच्या घरातलं आहे असंही नाही. केंद्र सरकार लोक दिवसभरात वेळ कसा घालवतात याचं सर्वेक्षण करतं. २०२४ च्या सर्वेक्षणात घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांचा दिवसाचा सरासरी वेळ निघाला २८९ मिनिटं. पुरुषांचा ८८. आणि लक्षात घ्या, हे ८८ म्हणजे जे पुरुष घरकाम करतात त्यांचे. आमच्या घरातले दोघं काल संध्याकाळपर्यंत त्या मोजणीतही आले नसते.

तिकडे बाबा काकडी चोचवायला बसले होते. म्हणजे प्रयत्न करत होते. पाच मिनिटांनी किसणी काढून त्यांनी काकडी सरळ किसली आणि "चव तीच लागते" असा निकाल दिला. दाण्याचं कूट डब्यात होतं, दही होतं. कोशिंबीर झाली. मी वरण घोटलं, मीठ घातलं (या वेळी विचारून), गुळाचा खडा घातला. कुकरमधला भात काढायला गेलो तर डावाबरोबर अख्खा भात एकजीव वर आला. इंद्रायणी आणि जास्तीचं पाणी, दुसरं काय होणार.

नऊ वाजून पंचवीस मिनिटांनी आम्ही जेवायला बसलो. सातला सुरुवात केली होती. वरण, भात, खारट मेथी, किसलेल्या काकडीची कोशिंबीर. आई हे सगळं पाऊण तासात उरकायची.

आईने डाव्या हातात चमचा घेतला. वरण-भात चमच्याने खाता येतो, पण चमच्याने कालवता येत नाही. निदान आईला ते पटत नाही. ती चमच्याने भात वरणात दाबत होती, आणि माझा भात असा काही घट्ट होता की तो दबत नव्हता. मी तिचं ताट ओढलं, तूप घातलं, लिंबू पिळलं आणि हाताने भात कालवून परत तिच्यासमोर ठेवलं. कोणी काही बोललं नाही. बाबा आपल्या ताटात बघत होते.

दोन घास खाल्ल्यावर आई म्हणाली, "हिंग जरा कमी पडलाय."

मग म्हणाली, "भात वाढ अजून."

एवढंच. रिलीज सक्सेसफुल.

असं मला वाटलं होतं. हात धुऊन मी मोबाइल घेऊन खुर्चीत बसलो, तेव्हा आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "ओटा राहिलाय रे." ओट्यावर पीठ, तेलाचे शिंतोडे, लसणाची सालं, मेथीचे देठ. सिंकमध्ये भांड्यांचा डोंगर. तीन माणसांच्या जेवणाला मी चौदा भांडी वापरली होती. भांड्यांच्या मावशी सकाळी येतात. रविवारीसुद्धा येतात, हेही मला कालच जाणवलं. निदान कढई आणि कुकर तरी आम्हीच घासावेत असं ठरलं. बाबांनी विसळले, मी घासले. पावणेअकराला दिवा मालवला.

झोपायच्या आधी बाबा म्हणाले, "तीन आठवड्यांनी निघेलच प्लास्टर. मग तुझी आई आहेच."

ते सहज म्हणाले. कालपर्यंत मीही हेच म्हटलं असतं, किंबहुना म्हणायची गरजही वाटली नसती. आई गोळ्या घेत होती. तिने मान वर केली नाही. मी म्हटलं, "प्लास्टर निघालं तरी शनिवार-रविवार आपण दोघं करू, बाबा." बाबा म्हणाले, "मला काय, मी काकडी किसेन." आई म्हणाली, "बघू."

या 'बघू'चा अर्थ मला चांगला ठाऊक आहे. गिटार शिकतो म्हणालो होतो तेव्हा ती 'बघू'च म्हणाली होती. जिम लावली तेव्हाही. गिटार माळ्यावर आहे. त्यामुळे इथे मोठमोठ्या गोष्टी लिहीत नाही. एका वेळच्या खारट मेथीने ८८० शनिवार फिटत नाहीत, आणि फेडायला म्हणून केलं तर ते आठवडाभरसुद्धा टिकायचं नाही. घरात तीन माणसं जेवतात, तर तिघांनाही करता आलं पाहिजे, इतकाच साधा हिशेब आहे. तो कळायला मनगट मोडावं लागलं, तेही दुसऱ्याचं.

कॉम्प-ऑफ बुधवारी टाकलाय. पोळ्या शिकायच्या आहेत. आई म्हणाली पहिल्या वीस वाया जातील, कणीक जास्तीची आणून ठेव.

आज रविवार. डाळ-तांदूळ बाबांनी धुतले, कुकर त्यांनीच लावला (रिंगसकट) आणि ते पेपर वाचत बसलेत. शिट्ट्या मोजायचं काम माझ्याकडे आहे. मी हे लिहीत बसलो आणि आत्ता एक झाली. ही दुसरी की तिसरी?

थांबा, आईला विचारून येतो.